काठाखाली चार बोटं

भद्रकालीतला मुनाफ काचवाला म्हणाला,
पाडून देतो भोक, पण तडकली तर
माझ्या नावानं बोंबलायचं नाही.
म्हणून मीच घेतलं अंगावर.
अंबडच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं
लोखंडाला भोकं पाडलेला माणूस,
काचेची काय कथा, म्हटलं.

लोखंड बोलतं.
ड्रिल रुतलं की कण्हतं, तापलं की निळं पडतं,
चुकलात तर बुश बसवा, वेल्डिंग भरा, पुन्हा पाडा.
काच शेवटपर्यंत गप्प,
आणि मग एकदाच बोलते.

आधी लॅपटॉपचा पांढरा पडदा मागे धरून
मेव्हण्याच्या गॉगलमधून पाहिली,
टफन असती तर काळे डाग दिसले असते.
नव्हते. साधी काच, दहा मिलिमीटर.
मासे दोन दिवस निळ्या टबात.
पाथर्डी फाट्याच्या गॅलरीत, थर्मोकोलवर,
चार फुटी टाकी पाठीवर निजवली
आणि काठाखाली चार बोटं मोजून
स्केचपेननं गोल काढला.

आळं करायला क्ले हवी होती, ती नव्हती.
हेमलतानं कणीक मळली,
दिव्यांना मळतात तशी, घट्ट,
आणि गोलाभोवती थापली,
मोगऱ्याला करतात तसं आळं.
त्यात वाटीभर पाणी.
कटर तिच्या बांगडीएवढा, कडेला हिऱ्याची भुकटी.
आधी तिरका धरायचा, नाहीतर घसरतो.
चंद्रकोर कापली की हळूहळू सरळ.
जोर द्यायचा नाही.
मला जोर न देता येत नाही.

"दाबताय," ती म्हणाली.
नुसत्या आवाजावरून.

पाणी दुधाळ होत गेलं.
ती चमच्यानं गढूळ काढून ताजं घालत होती,
आणि मी पहिल्यांदाच बघत होतो
की तिला किती वेळ न बोलता बसता येतं.
म्हणजे बघितलं होतं तसं आधीही.
कंपनीत व्हीआरएसच्या कागदावर सही करून आलो,
ती गवार मोडत होती.
"बरं," म्हणाली.
बाकीचं पोटात.

गोदेला पाणी आलं की अख्खं नाशिक
दुतोंड्या मारुतीकडे बघतं,
गुडघ्याला लागलं, कमरेला, आता छातीला.
गंगापूरचे दरवाजे उघडले
की किती क्युसेक तेही कळतं.
घरात असा मारुती कुठे उभा असतो?
सहा वर्षं पातळी चढत होती
आणि मी सराफबाजारातल्या दुकानदारासारखा
शटर अर्धं ओढून बसलेला.

बावीस मिनिटं लागली.
शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला हात कापला,
खालच्या टेपवर चकती टप् करून बसली.
टाकी शाबूत.
कनेक्टर बसवला, वॉशर आतून,
नट हातानंच आवळला. पाना तिनं
आधीच कुठेतरी लपवून ठेवला होता.

गुरुवारी रात्री लाइट गेली.
पंप थांबला, पाइपनं दोनदा गुडगुड केली.
मी टॉर्च घेऊन धावलो, जमिनीवर बसलो.
पाणी उतरत उतरत भोकाच्या ओठापाशी आलं
आणि थांबलं.
खालची टाकी भरली, सांडली नाही.
मासे काळोखात आपापल्या जागी.

"उतरलं?"
"उतरलं."
ती माझ्या मागे उभी होती, अंधारात,
मला वाटतं भिंतीला टेकून.
"तेव्हा मला विचारायला हवं होतं तुम्ही."

मी टॉर्च पाण्यावरच धरून ठेवला.
काही म्हणालो असेन. आठवत नाही.
ती मात्र बोलत राहिली, बराच वेळ,
न चढवता, एका पातळीत,
लाइट आली तरी.

चकती तिनं दगडावर घासून
हिंगाच्या डबीवर झाकण म्हणून ठेवली आहे.
नीट बसत नाही.
काढत पण नाही.